विजेच्या पोलादभट्टीची कुळकथा

विद्युत प्रज्योत भट्टीचे मूळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या लंडनमध्ये आहे. हंफ्री डेव्ही यांनी तेथे कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये विजेची प्रखर ज्योत पेटवून दाखवली. पुढे १८७९ च्या सुमारास विल्यम सीमेन्स यांनी त्याच ज्योतीवर मुशीत पोलाद वितळवले. पण वाफेच्या इंजिनावर निर्माण केलेली वीज धंद्याला परवडत नव्हती.

हा अडसर आल्प्समधल्या पाण्याने दूर केला. १८८६ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, विजेने अ‍ॅल्युमिनियम मिळवण्याची रीत शोधणारे पॉल एरू यांचा कारखाना फ्रान्समधील ला प्राझ येथे होता आणि डोंगरावरून उतरणाऱ्या पाण्याची स्वस्त वीज त्यांच्या हाताशी होती. इटलीतील स्तासानो यांच्या भट्टीत ज्योत धातूच्या वर, अधांतरी जळे. त्यामुळे छत आणि भिंती होरपळत. एरू यांनी कांड्या वरून खाली सोडल्या. प्रवाह एका कांडीतून मळी व वितळलेल्या धातूत उतरून दुसरीतून वर जाऊ लागला, आणि उष्णता हवी तिथेच पडली. १९०० च्या सुमारास या भट्टीतून पोलाद बाहेर पडले. १९०६ मध्ये ती अमेरिकेतील सिराक्यूजला पोचली. आजच्या बहुतेक भट्ट्यांचा सांगाडा तोच आहे.

बराच काळ ही भट्टी हत्यारांच्या व मिश्र पोलादापुरती राहिली. १९६९ मध्ये न्यूकोर कंपनीने साउथ कॅरोलिनातील डार्लिंग्टनला भंगारापासून साधे बांधकामी पोलाद काढायला सुरुवात केली आणि छोट्या गिरण्या मोठ्या कारखान्यांना भारी पडू लागल्या.

कार्बनचा हिशेब नंतर आला. झोतभट्टीत कोक खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो, म्हणून टनभर पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भंगार वितळवताना ही पायरीच नसते. उरतो तो मुख्यतः विजेचा धूर, आणि तो मात्र डोळ्याआड करता येत नाही. जालन्यात सळईसाठी भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या विजेवरच चालतात, पण देशातली बहुतांश वीज अजून कोळशाची आहे. एरू यांची भट्टी जन्मली ती पाण्याच्या विजेवर; तिचा खरा लाभ तशाच विजेने मिळतो.

वेल्समधील पोर्ट टॅलबट येथे टाटा स्टीलने शेवटची झोतभट्टी सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केली. तिची जागा विद्युत भट्टी घेणार आहे. मात्र जगाला पुरेल इतके भंगार नाही, खनिज लागणारच. स्वीडनमध्ये लुलेओ येथे कोकऐवजी हायड्रोजनने खनिजाचे लोह करतात आणि ते विजेच्या भट्टीत वितळवतात. अशा पोलादाचा पहिला माल २०२१ मध्ये व्होल्वोकडे गेला.