मुळशीचे पाणी, परळचे धुराडे

भरे गावाहून पहाटे निघून आम्ही काही शिक्षक आणि विद्यार्थी मुंबईत लोअर परळला पोहोचलो. पाहायची होती १९०५ सालची फिनिक्स मिल. आता तिथे झगमगीत दुकाने आहेत आणि त्यांच्यामध्ये उभे आहे गिरणीचे जुने धुराडे.

"सर, एवढे उंच कशाला?" एकाने विचारले.

तापलेली हवा हलकी असते, म्हणून ती वर चढते आणि भट्टीत खालून ताजी हवा ओढली जाते. धुराडे जितके उंच, तितकी ही ओढ जास्त. भट्टीमुळे वाफ, वाफेवर इंजिन आणि इंजिनाच्या जोरावर माग, असा हा क्रम.

मग वीज आली आणि या इंजिनांचे काम मोटारींनी घेतले. ती वीज कोठून आली? टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोलीला १९१५ मध्ये, भिवपुरीला १९२२ मध्ये आणि भिऱ्याला १९२७ मध्ये सुरू झाली. भिऱ्याला जाते ते आमच्या मुळशी धरणाचे पाणी. ते सह्याद्रीवरून सुमारे ५०० मीटर खाली उतरते. वर्गात हिशेब करून पाहा : एक घनमीटर पाण्यातून ४९ लाख ज्यूल, म्हणजे जास्तीत जास्त सुमारे १.३६ युनिट वीज.

या हिशेबात एक रक्कम मात्र धरलेली नसते. धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट तेव्हापासून 'सेनापती' झाले. लढा हरला, गावे बुडाली.

तारेच्या दुसऱ्या टोकालाही असेच घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांतले असंख्य पुन्हा कामावर परतलेच नाहीत. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले : मोकळ्या जागेसाठी, घरांसाठी आणि मालकांसाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी इमारती नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली.

धुराडे जपले, हे चांगलेच झाले. पण तेथून निघताना एका मुलीने विचारले, "इथे काम करणारे कुठे गेले?" परतल्यावर आम्ही तोच गृहपाठ दिला : आपल्या गावातून गिरणीत कोण गेले होते, धरणात कोणाची जमीन गेली, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणा.