पाटी केवढी लावायची? लंडनची गल्ली ते घाटकोपर

आजचा विषय ऐकायला एकदम साधा आहे. धंद्याची पाटी केवढी असावी? महापालिका एक माप ठरवून देते. मग कुणीतरी येतं आणि म्हणतं, "आम्हाला जरा मोठी लावू द्या की." द्यायची का परवानगी? आणि मुळात "हो" म्हणायचं कोणी?

आधी जाऊया अठराव्या शतकातल्या लंडनला. घरांना नंबर नाहीत, बऱ्याच लोकांना वाचता येत नाही. त्यामुळे दुकान ओळखायचं ते चित्रावरून. दुकानदार जड लाकडी पाट्या लोखंडी दांड्यांवरून थेट रस्त्यावर लटकवायचे. आता शेजाऱ्याची पाटी आपल्या पाटीला झाकते म्हटल्यावर माणूस काय करणार? आपली अजून मोठी, अजून पुढे! मग शेजारीही तेच करणार. शेवटी पाट्या सगळ्यांच्याच मोठ्या झाल्या आणि नीट दिसेना कोणाचीच.

१७१८ मध्ये ब्राइड लेन नावाच्या गल्लीत अशाच एका पाटीच्या वजनाने घराची दर्शनी भिंत खाली आली. चार माणसं गेली. तरीही ठोस कायदा यायला चाळीसहून जास्त वर्षं लागली. पॅरिसने १७६१ मध्ये आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टरने १७६२ मध्ये सांगितलं, पाट्या भिंतीला सपाट लावा. त्याच दशकात लंडनमध्ये घरांना नंबर देणं सुरू झालं, म्हणजे लटकत्या पाटीची मूळ गरजही कमी झाली.

आता मुंबई. इथला महापालिका कायदा १८८८ चा. त्याच्या कलम ३२८ मध्ये 'स्काय साइन' हा शब्द आहे, म्हणजे आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी जाहिरात. ती उभारायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. थोडक्यात, नियम नव्हताच असं कोणी म्हणू शकत नाही.

१३ मे २०२४. संध्याकाळच्या वादळात घाटकोपरच्या छेडा नगरमध्ये एक होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. १७ जणांचा जीव गेला, ७० हून जास्त जखमी झाले. पावसापासून आडोसा म्हणून लोक त्या पंपावर थांबले होते. पालिकेची मर्यादा होती ४० बाय ४० फूट. हे होर्डिंग होतं १२० बाय १२० फूट.

तिप्पट वाटतं ना? थांबा, गणित करू. १,६०० चौरस फूट विरुद्ध १४,४००. क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे त्याच वाऱ्याचा धक्काही साधारण नऊपट. आणि होर्डिंगची उंचीही त्याच प्रमाणात तिप्पट धरली, तर पायाशी उलथवणारा जोर जवळपास २७ पट! शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. "जरा मोठी" ही गोष्ट पायाला जरा कधीच वाटत नाही.

मग "हो" म्हणालं कोण? जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, परवानगीही त्यांनीच दिलेली. पालिका म्हणाली, आमची परवानगी नव्हतीच. दुर्घटनेनंतर पालिकेने रेल्वेलाही मोठी होर्डिंग काढायची नोटीस पाठवली. म्हणजे परवानगी देणारा एक, नियम करणारा दुसरा आणि खाली उभा राहणारा तिसराच.

याचा अर्थ मोठी पाटी नेहमीच वाईट का? तसंही नाही. न्यूयॉर्कने १९८७ मध्ये टाइम्स स्क्वेअरसाठी उलटा नियम केला: नव्या इमारतींवर मोठ्या, झगमगत्या पाट्या लावायच्याच! पण फरक बघा. ही सूट एखाद्याच्या अर्जावर गुपचूप दिलेली नव्हती. त्या भागातल्या सगळ्यांना लागू असलेला तो उघड, लिखित नियम होता.

म्हणून माझ्या मते सूट मागणाऱ्या प्रत्येक अर्जाला तीन प्रश्न विचारावेत. एक, लोकांना दुकान सापडत नाही म्हणून मोठी पाटी हवी आहे, की फक्त शेजाऱ्याला झाकायला? दोन, हीच सूट उद्या शेजाऱ्याने मागितली तर देणार का? तीन, पाया कोणी तपासला, आणि पडली तर सहीखाली नाव कोणाचं? तिसऱ्या प्रश्नावर दोन ऑफिसं एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर उत्तर सरळ "नाही".

ब्राइड लेनमध्ये काय किंवा छेडा नगरमध्ये काय, जे गेले त्यांचा त्या पाटीशी काहीच संबंध नव्हता. फायदा त्यांचा नव्हता, सही त्यांची नव्हती. ते फक्त खाली होते. तुमच्या स्टेशनबाहेर, नाक्यावर असं एखादं होर्डिंग असेल तर त्यावर परवान्याचा नंबर आहे का बघा. नसेल, तर वॉर्ड ऑफिसला विचारा. विचारायचा हक्क आपला आहे, कारण खालून रोज आपणच जातो.

भेटूया पुढच्या भागात!