मिरी, मिरची आणि वाळलेलं बी

मंडळी, ठेचा नाही, तिखट नाही, फोडणीत मिरची नाही, असा महाराष्ट्र डोळ्यांसमोर आणून बघा. येतो का? पण तेराव्या शतकात, ज्ञानेश्वरांच्या काळात, आपल्याकडे कोणी मिरची खाल्ली तर नव्हतीच, पाहिलीसुद्धा नव्हती. तिखटाची सगळी भिस्त मिरी, पिंपळी, आलं-सुंठ आणि मोहरीवर. वर्गात हे सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नसे. "बाई, मग दृष्ट कशानं काढायचे?" असं एका मुलीनं विचारलं होतं. प्रश्न अगदी योग्य होता. आपण ज्या लिंबू-मिरचीला पुरातन समजतो, त्यातली मिरची पाचशे वर्षांपलीकडची नाही.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोत ती सहा हजारांहून अधिक वर्षांपासून खाल्ली जाते. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला तो मिरीच्या शोधात. मिरी काही मिळाली नाही, पण तिथले लोक खातात ते तिखट फळ मिळालं. स्पॅनिश लोकांनी मिरीच्या नावावरूनच त्याचं नाव पाडलं. गंमत म्हणजे आपणही तेच केलं! मिरीवरून मिरची. गोव्याकडे तिला मिरसांग म्हणतात, त्यातही मिरी आहेच. दोन खंडांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता नव्या पाहुणीला जुन्या घरचं नाव दिलं.

आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला, १५०० मध्ये पोर्तुगीज जहाजं ब्राझीलला लागली आणि १५१० मध्ये गोवा त्यांच्या हाती गेला. पण नेमकी कोणत्या वर्षी, कोणाच्या गोणीतून मिरची उतरली, याची नोंद नाही. गार्सिया द ओर्ता या वैद्यानं १५६३ मध्ये गोव्यात हिंदुस्थानातल्या औषधी द्रव्यांवर ग्रंथ छापला. त्यात मिरीवर स्वतंत्र प्रकरण आहे, मिरचीवर नाही. अकबराच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची मापं 'ऐन-इ-अकबरी'त दिली आहेत, तिथेही मिरीच.

मग दरबारात जिची दखल नाही ती मिरची गावोगाव पोचली कशी? मला वाटतं, याचं उत्तर तिच्या वाळण्यात आहे.

मिरीचा वेल नखरेल. त्याला भरपूर पाऊस हवा, दमट हवा हवी, चढायला झाड हवं. शिवाय वाण्याकडची काळी मिरी पेरून वेल येत नाही, तिच्या बियांची उगवणशक्ती फार लवकर जाते. म्हणून मिरी मलबारची राहिली, व्यापाऱ्यांची राहिली, आणि तिच्यासाठी लढाया झाल्या. मिरचीचं तसं नाही. उन्हात वाळलेली मिरची फोडा, आतल्या बिया पेरा, रोप येतं. दोन-तीन वर्षांनीसुद्धा येतं. म्हणजे बाजारातून ज्यानं एक सुकी मिरची आणली, त्यानं मसाल्याबरोबर अख्खं शेत घरी आणलं! आणि हे शेत परसात, मोरीच्या पाण्यावर, फुटक्या मडक्यातही होत होतं. गरिबाच्या भाकरीला चव आली ती अशी.

आमच्या सासूबाई मिरची पूर्ण लाल झाल्याशिवाय तोडू देत नसत, आणि तोडायची ती देठासकट. देठ निघाला की तिथून ओल शिरते आणि बुरशी धरते. पहिले दोन दिवस ढीग, मग चटईवर पातळ पसरायची, दिवसातून दोनदा हात फिरवायचा, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायची. मिरची हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळ वाजल्या की झालं. किलोभर ओल्या मिरचीची जेमतेम पाव किलो उरायची. पण त्याआधीच त्या चांगल्या झाडावरच्या, निरोगी, ठसठशीत मिरच्या बाजूला काढत. त्या सावलीत वाळायच्या आणि राखेत घालून मडक्यात जायच्या. ते पुढच्या वर्षाचं बियाणं.

अशा निवडीतूनच तर जाती घडल्या. ब्याडगी रंगाची, लवंगी झणक्याची, संकेश्वरी तिखटाची, विदर्भातली भिवापुरी. ब्याडगीला २०११ मध्ये आणि गोव्यातल्या काणकोणच्या खोला मिरचीला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण यांतली एकही जात कोणा राजानं किंवा विद्वानानं घडवलेली नाही. पिढ्यान् पिढ्या अंगणात बसून "ही ठेवायची, ती कुटायची" असं ठरवणाऱ्या हातांनी ती घडवली. त्या हातांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत.

आता तिखट पुडीतून येतं आणि रोपं रोपवाटिकेतून. त्यात वाईट काही नाही, सांध्यांना आराम आहे! पण संकरित रोपाच्या मिरचीचं बी धरलं तर पुढची पिढी आईसारखी निघेलच असं नाही. म्हणजे राखेचं मडकं एक वर्ष जरी रिकामं राहिलं, तरी त्या घरची मिरची संपली. पाचशे वर्षांत जिची नोंद कोणी केली नाही, ती जाताना तरी कोण करणार?

आमच्या गच्चीवर सासूबाईंच्या बियाण्याच्या सहा कुंड्या आहेत. फळ आखूड, थोडं वाकडं, आणि जिभेवर उशिरा चढणारं. नातवंडांपैकी ज्यांना गॅलरीत चार तास ऊन मिळतं, त्यांनी पत्ता कळवावा. पाच-पाच वाळलेल्या मिरच्या पाकिटात घालून पाठवते. त्यातल्या चार खा हवं तर, पण एक फोडून पेरा.