प्रस्तावना : ल्युव्हेन विद्यापीठाच्या इतिहासाकडे

कॅथलिक विद्यापीठ म्हणजे सर्वस्वी चर्चची संस्था, असे आपण गृहीत धरतो. आजच्या बेल्जियममधील ल्युव्हेनचा इतिहास हे गृहीतक पहिल्याच दस्तऐवजापाशी ढासळवतो. ९ डिसेंबर १४२५ ची स्थापनेची सनद पोप मार्टिन पाचवे यांची. पण तिच्यासाठी खटपट केली ब्राबांतचे ड्यूक चौथे जॉन आणि ल्युव्हेनच्या नगरशासकांनी. धर्मपीठ, राजसत्ता आणि शहर यांच्या ओढाताणीतून हे विद्यापीठ घडले, अशी या ग्रंथाची भूमिका आहे.

ही ओढाताण विद्येच्या आतही होती. १५१७ मध्ये इरॅस्मसच्या पुढाकाराने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकवणारे त्रिभाषा महाविद्यालय निघाले. धर्मशास्त्राच्या अध्यापकांनी त्याला विरोध केला. दोनच वर्षांनी याच अध्यापकवर्गाने ल्यूथरच्या मतांचा निषेध केला. पुढे विसाव्या शतकात विश्वाच्या प्रसरणाचा सिद्धान्त मांडणारे जॉर्ज लमेत्र इथले प्राध्यापक होते आणि धर्मगुरूही. श्रद्धा विरुद्ध विज्ञान अशी सोपी मांडणी इथे पुरी पडत नाही.

सातत्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. फ्रेंच राजवटीने १७९७ मध्ये विद्यापीठ बंद केले. बेल्जियमच्या बिशपांनी १८३४ मध्ये मेखलेन येथे कॅथलिक विद्यापीठ उघडले आणि पुढच्याच वर्षी ते ल्युव्हेनला आणले. ते जुन्याचे वारस की नवी संस्था? १९६८ मध्ये भाषिक संघर्षातून डच आणि फ्रेंच विभाग वेगळे झाले, ग्रंथालयाचीही वाटणी झाली, तेव्हा वारशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. भाषावार प्रांतरचनेचा लढा पाहिलेल्या मराठी वाचकाला त्यातली तीव्रता समजावून सांगावी लागणार नाही.

या इतिहासाच्या साधनांची हानी मोठी आहे. १९१४ मध्ये जर्मन सैन्याने ग्रंथालय जाळले, तेव्हा सुमारे ३ लाख ग्रंथ गेले. नव्याने उभारलेले ग्रंथालय १९४० मध्ये पुन्हा जळाले. तरीही जुन्या विद्यार्थ्यांनी हाताने उतरवलेली व्याख्यानांची टिपणे आज अभ्यासता येतात. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी. सनदेतून संस्थेचे हक्क समजतात. वर्गात खरोखर काय शिकवले जात होते, ते या वह्या सांगतात.

मराठी अभ्यासकाला इथे ओळखीची वाटही सापडेल : नामदेवांच्या हिंदी पदांची विनांद कालेवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९८९ मध्ये ल्युव्हेनहून निघाली.