प्रायोगिक रॉकेट-विमाने आणि ग्लायडर-शिक्षण : १९४१ ते १९४५

दुसऱ्या महायुद्धातील रॉकेट-विमानांचा इतिहास बहुधा वेगाच्या आकड्यांनी सांगितला जातो. २ ऑक्टोबर १९४१ रोजी हायनी दिटमार याने मेसरश्मिट १६३ या जर्मन विमानाच्या प्रायोगिक नमुन्यातून ताशी १,००० किलोमीटरची मर्यादा ओलांडली, हे सुविदित आहे. परंतु असे विमान हाताळणारे वैमानिक घडवावयाचे कसे, हा प्रश्नही तितकाच बिकट होता. आणि त्याचे उत्तर शोधले गेले ते इंजिनच नसलेल्या विमानात.

याचे कारण विमानाच्या रचनेतच होते. आलेक्झांडर लिपिश याच्या कल्पनेतून साकारलेल्या या विमानाचे इंधन सुमारे आठ मिनिटांत संपे. भूमी सोडताच चाके टाकून दिली जात, आणि परतताना शक्तिहीन झालेले विमान पोटाखालच्या घसरपट्टीवर उतरवावे लागे. अंदाज चुकल्यास पुन्हा वर चढण्याची सोय नव्हती. युद्धप्रसंगी रॉकेट असलेले हे यान उतरताना निव्वळ ग्लायडरच होते.

व्हर्सायच्या तहाने लष्करी विमानविद्येवर निर्बंध आल्यानंतर जर्मनीत ग्लायडरविद्या फोफावली होती. तिचाच येथे उपयोग झाला. हान्स याकोब्स याने आखलेल्या 'हाबिश्ट' ग्लायडरच्या पंखांचा १३.६ मीटरचा विस्तार ८ व ६ मीटरपर्यंत घटविण्यात आला. पंख आखूड होताच उतरण्याचा वेग वाढला, आणि त्या वेगाची सवय वैमानिकास आधीच लावता आली. पुढील पायरीवर मेसरश्मिट १६३ चा प्रारंभीचा नमुनाच दुसऱ्या विमानाने ओढून वर नेऊन सोडला जाई. वजन वाढविण्यासाठी त्याच्या टाक्यांत पाणी भरीत.

जपानने हाच मार्ग अनुसरला. आराखडे आणणारी आय-२९ पाणबुडी २६ जुलै १९४४ रोजी बुडविली गेली. सिंगापूरहून विमानाने पुढे गेलेल्या अधिकाऱ्याजवळची अपुरी कागदपत्रे तेवढी हाती आली. त्यांच्या आधारे 'शूसुई' विमानाबरोबरच त्याच आकाराचा 'अकिगुसा' हा लाकडी ग्लायडर सिद्ध झाला. ८ डिसेंबर १९४४ रोजी तोयोहिको इनुझुका याने त्याचे पहिले उड्डाण केले.

७ जुलै १९४५ रोजी इनुझुका यानेच इंजिनयुक्त शूसुई उडविले. तीव्र चढणीत अर्धवट भरलेल्या टाकीतील इंधन सरकले व इंजिन बंद पडले. धावपट्टीकडे परतताना विमान एका इमारतीस घासून कोसळले. दुसऱ्या दिवशी त्याचे निधन झाले.

या घटनेवरून ग्लायडर-शिक्षणाचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतात. पंखांचा स्वभाव आणि उतरण्याची कला ग्लायडर शिकवू शकत होता. चढणीत इंधन कसे वागेल, किंवा तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड किती घातक ठरेल, हे तो शिकवू शकत नव्हता. टाकीत पाणी भरून वजनाचे अनुकरण साधले. इंधनाच्या वर्तनाचे नव्हे. वैमानिक सिद्ध झाला होता. यंत्र सिद्ध झाले नव्हते.