स्नायुविकारांतील दीर्घकालीन थकवा
स्नायूंच्या आनुवंशिक विकारांत आढळणारा, विश्रांतीनेही न हटणारा थकवा. तो स्नायूंच्या दुर्बलतेहून वेगळा असतो. हातापायांत बऱ्यापैकी बळ असलेला रुग्णही दुपारपर्यंत गळून जातो आणि घरच्यांना तो आळस वाटतो.

उपचारापूर्वी रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, नैराश्य यांची तपासणी होते. झोपेतील श्वसनाकडे मात्र अनेकदा दुर्लक्ष होते. श्वसनाचे स्नायू दुबळे असतील, तर रात्री रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, सकाळी डोके दुखते आणि दिवसभर गुंगी राहते. अशा वेळी रात्री मास्कद्वारे श्वसनसाहाय्य (बायपॅप) देतात.

पूर्वी अशा रुग्णांना व्यायाम वर्ज्य मानला जाई. आता बेताच्या, देखरेखीखालील व्यायामाची शिफारस होते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिमिस्टिक’ या युरोपीय चाचणीत मायोटॉनिक डिस्ट्रॉफी या आनुवंशिक स्नायुविकाराचे 255 रुग्ण होते. बोधात्मक वर्तनोपचार आणि गरजेनुसार टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम यांमुळे हे उपचार मिळालेल्या गटाची दैनंदिन कामांची क्षमता वाढली. मात्र या गटात पडण्याच्या घटनाही अधिक नोंदल्या गेल्या. हालचाल वाढल्याने हा धोका वाढू शकतो.

घरी जड कामे सकाळी उरकणे, बसून स्वयंपाक करणे आणि दमण्याआधीच थांबणे उपयोगी पडते.