मराठी ख्रिस्ती अभंग : व्यथित मनाच्या गाण्याची कुळकथा

मराठी ख्रिस्ती अभंग म्हणजे संतांच्या छंदात रचलेले, पेटी-तबला-टाळांच्या साथीने गायिले जाणारे ख्रिस्तभक्तीचे पद. रविवारच्या उपासनेत तो असतोच. पण त्याची गरज सर्वांत जास्त भासते ती दुःखाच्या घरी. मयतानंतरची सांत्वनाची प्रार्थना, आजाऱ्याच्या उशाशी जमलेली मंडळी, नोकरी गेलेल्या घरातली संध्याकाळची प्रार्थना अशा प्रसंगी प्रवचनाआधी गाणे येते. 1970 मध्ये सिडको या नगरविकास संस्थेची स्थापना झाली आणि मुंबईच्या खाडीपलीकडे नवी मुंबई उभी राहू लागली. वाशी, नेरूळ, पनवेलकडे पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांनी हे गाणे सोबत आणले. त्याचा वंश मात्र बराच जुना आहे.

या गाण्याचे पहिले मूळ बायबलमधील स्तोत्रसंहितेत आहे. तिच्यात 150 स्तोत्रे असून त्यांतला सर्वांत मोठा गट विलापाच्या स्तोत्रांचा आहे. या स्तोत्रांची घडण ठरलेली असते. आधी देवाला हाक, मग उघड तक्रार, पुढे मागणे आणि शेवटी बहुधा विश्वासाचा उच्चार. 42व्या स्तोत्रात गाणारा स्वतःच्याच खिन्न जिवाला जाब विचारतो आणि देवाची वाट पाहायला सांगतो. 22व्या स्तोत्राचे पहिले शब्द येशूने क्रूसावर उच्चारले, असे शुभवर्तमानांत नोंदलेले आहे. दुःख लपवून देवापुढे जाण्याची आवश्यकता नाही, हा या परंपरेचा पाया आहे. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात अखेरच्या भोजनप्रसंगी येशू शिष्यांना अंतःकरण अस्वस्थ होऊ देऊ नका असे सांगतो. सांत्वनाच्या प्रार्थनेत हा अध्याय हमखास वाचला जातो.

मराठी छंदात ख्रिस्तकथा आणण्याचे मोठे काम फादर थॉमस स्टीफन्स यांनी केले. हे इंग्रज जेझुइट धर्मगुरू 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये वारले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूंकडे मागणे मांडतो : जुनी पुराणे वाचायला मनाई झाली, तर मन रमेल असे पुराण आमच्या भाषेत द्या. धर्मतत्त्वे शिकून झाली तरी मनाची भूक उरते, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते. गोव्यातील ख्रिस्ती हे पुराण गात-वाचत राहिले. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज राजवटीने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि या धारेला मोठा बांध पडला.

दुसरी धार मुंबईतून निघाली. 1813 मध्ये अमेरिकन मिशनरी तेथे आले आणि 1831 मध्ये अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांचे ठाणे झाले. मंडळ्यांमध्ये पाश्चात्त्य चालींवर बसवलेली मराठी गीते गायिली जाऊ लागली. त्या चालींत मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ ओढले जात आणि आघात भलत्याच अक्षरावर पडे. शब्द समजत, पण ते गळ्यात बसत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनाचा बाज उचलला आणि नगर भागातल्या श्रोत्यांना ख्रिस्तचरित्र ओळखीच्या सुरात ऐकू येऊ लागले.

या पायावर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी इमारत उभी केली. त्यांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, आणि त्याच्याच पायाशी येतात. विलापस्तोत्रांची वाटही तीच आहे. म्हणून ख्रिस्ती प्रार्थनेला अभंग उपरा ठरला नाही.

छंदाचाही यात वाटा आहे. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण असतो. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. चरण आखूड असल्याने हुंदका आवरत गाणाऱ्यालाही एका श्वासात तो पुरा करता येतो. पुढच्याने म्हणायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे, ही रीत शोकाकुल माणसाला एकटे पडू देत नाही. त्याचा आवाज थांबला तरी गाणे चालू राहते. संत अखेरीस आपली नाममुद्रा घालतात, तशी टिळकांनी ‘दास’ ही मुद्रा घातली.

या गाण्याच्या कुळकथेत टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे स्थान वेगळे आहे. पतीच्या धर्मांतरानंतर सुमारे पाच वर्षे त्या त्यांच्यापासून दूर राहिल्या. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या या बाईंनी त्या विरहात पद्यरचना केली. 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. हा सारा काळ त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आला आहे. टिळक 1919 मध्ये वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. पतीमागे त्यांनी आपल्या दुःखाला दिलेले हे उत्तर होय.

टिळकांची बरीच गीते ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आहेत. मिशनरी निकोल मॅकनिकोल यांनी इंग्रजीत नेलेले त्यांचे एक गीत ब्रिटनमधील गीतसंग्रहांतही गेले. कॅथलिक मंडळींसाठी वाट 1963 नंतर मोकळी झाली. त्या वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेच्या वापराला मुभा दिली आणि लॅटिन मिस्साच्या जागी मराठी मिस्सा व मराठी भक्तिगीते आली.

ख्रिस्ती अभंग दुःख नाहीसे करण्याचे वचन देत नाही. देवापुढे ते बोलून दाखवायला तो शब्द देतो, ते पेलायला सोबत देतो. औषधोपचाराची गरज असलेल्या आजारी मनाला डॉक्टर हवाच. प्रार्थना त्याच्या आड येत नाही. आजही वाशी-नेरूळच्या मराठी घरात सांत्वनाची प्रार्थना होते, तेव्हा शतकापूर्वी नगरच्या मंडळ्यांत रुजलेली हीच परंपरा तिथे गायिली जाते.